ग्नू-लिनक्स नामवादाची कैफियत

संगणकाच्या जगात गेल्या तीस वर्षांत जे वाद माजले आणि विझले, त्यांपैकी विझावयास तयार नसलेला, आणि बाहेरून पाहणाऱ्यास निव्वळ शब्दच्छल भासणारा, एक वाद नावाचा आहे. ज्या मुक्त कार्यप्रणालीला, म्हणजे ज्या ऑपरेटिंग सिस्टमला, बहुतेक जग 'लिनक्स' या एका शब्दाने ओळखते, तिचे न्याय्य नाव 'ग्नू/लिनक्स' हेच होय, असा आग्रह धरणारा एक पक्ष आहे. आणि हा आग्रह अनाठायी, किंबहुना हास्यास्पद आहे, असे मानणारा दुसरा पक्ष आहे. भिलाई-दुर्गच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी तिला लिनक्स म्हणतो, कचेरीतला संगणकचालक पडद्यावर जे नाव उमटले असेल तेच उच्चारतो, आणि दोघांचेही काम अडत नाही. ज्या प्रश्नाने कोणाचे काम अडत नाही तो प्रश्न सहसा आपोआप मरतो. हा मेला नाही, यावरूनच त्याच्या बुडाशी नावाखेरीज आणखी काही असावे अशी शंका येते. दोन्ही पक्षांच्या कैफियती क्रमाने मांडून आणि आपल्याकडे या प्रश्नाने कोणते रूप घेतले ते पाहून, शेवटी एक मत नोंदवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वादाची मुळे १९८३ सालात आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी असे जाहीर केले की, युनिक्सशी सुसंगत, परंतु युनिक्सच्या मालकी हक्कांपासून सर्वथा मुक्त, अशी एक संपूर्ण कार्यप्रणाली आपण लिहिणार असून तिचे नाव 'ग्नू' असेल. १९८४ च्या जानेवारीत नोकरी सोडून त्यांनी कामास हात घातला, आणि १९८५ साली या कार्याच्या योगक्षेमासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. प्रोग्राम कोणत्याही कामासाठी चालवण्याचा, त्याची रचना अभ्यासून ती बदलण्याचा, त्याच्या प्रती इतरांना देण्याचा, आणि बदललेल्या प्रतीही वाटण्याचा, असे चार हक्क वापरणाऱ्यास असले पाहिजेत, हे या चळवळीचे मूलसूत्र होय. १९८९ साली प्रसिद्ध झालेला 'जनरल पब्लिक लायसन्स' म्हणजे या हक्कांची सनदच. तिच्यातील खुबी अशी की, ज्याला हे हक्क मिळाले त्याने तो प्रोग्राम पुढे देताना तेच हक्क पुढच्यास दिलेच पाहिजेत, मध्येच कोणी वतनदार होऊन बसता कामा नये. १९९० च्या सुमारास इमॅक्स हा संपादक, जीसीसी हा कंपायलर, बॅश हे आज्ञा स्वीकारणारे शेल आणि सी भाषेची लायब्ररी, असे प्रणालीचे बहुतेक महत्त्वाचे भाग तयार झाले होते. उरला होता तो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, आणि जो यंत्राची साधनसामग्री निरनिराळ्या प्रोग्रामांत वाटून देतो. 'हर्ड' नावाच्या या गाभ्याचे काम १९९० साली सुरू झाले, परंतु त्याची रचना इतकी महत्त्वाकांक्षी होती की सर्वसामान्यांच्या वापरास योग्य अशी अवस्था त्याला आजतागायत लाभलेली नाही.

नेमकी ही पोकळी एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भरून काढली. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, आणि सप्टेंबरात तिची पहिली आवृत्ती सार्वजनिक केली. त्या आवृत्तीसोबतच्या टिपणात त्यांनी स्वतःच असे नमूद केले होते की, नुसत्या गाभ्याने काहीच साधत नाही, शेल, कंपायलर, लायब्ररी ही सामग्री लागतेच, आणि तिच्यापैकी बहुतेक ग्नूची आहे. वादाच्या दृष्टीने हा दस्तऐवज मोलाचा आहे, कारण प्रतिपक्षाच्या मूळ पुरुषाची ती स्वहस्ताची कबुली आहे. १९९२ च्या आरंभी टोरव्हाल्ड्स यांनी आपला गाभा ग्नूच्याच सनदेखाली आणला, आणि तेव्हापासून दोन्ही कामे एकमेकांत मिसळून वाढत गेली.

'लिनक्स' हे नावदेखील ठरवून ठेवलेले नव्हते. टोरव्हाल्ड्स यांच्या मनात 'फ्रीक्स' हे नाव होते, आणि आपल्याच नावावरून प्रणालीचे नाव ठेवणे त्यांना आत्मप्रौढीचे वाटे. परंतु ज्या सर्व्हरवर ही सामग्री ठेवावयाची होती त्याची व्यवस्था पाहणाऱ्या आरी लेमके यांनी तेथील फोल्डरला 'लिनक्स' असे नाव देऊन टाकले, आणि तेच टिकले. पुढे जे लोक हा गाभा आणि ग्नूची सामग्री एकत्र बांधून 'डिस्ट्रिब्युशन' या नावाने वाटू लागले, त्यांनी संपूर्ण गाठोड्यालाही तेच नाव लावले. याला पहिला मोठा अपवाद डेबियनचा. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या या प्रकल्पास १९९४ ते १९९५ या काळात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे आर्थिक पाठबळ होते, आणि त्याच काळात त्याने 'डेबियन ग्नू/लिनक्स' हे नाव धारण केले. १९९६ साली स्टॉलमन यांनी इमॅक्सच्या एका आवृत्तीत 'लिग्नक्स' असा जोडशब्द घुसवून पाहिला; त्यावर इतका गदारोळ झाला की तो मागे घ्यावा लागला, आणि मधल्या तिरक्या रेघेचे 'ग्नू/लिनक्स' हेच रूप त्या पक्षाचे कायमचे मागणे ठरले.

आता ग्नूपक्षाची कैफियत. तिचा पहिला मुद्दा असा की, ग्नू हा सुट्या अवजारांचा संच नसून एक संपूर्ण कार्यप्रणाली घडवण्याचा संकल्प होता, आणि आज जी प्रणाली चालते ती म्हणजे तोच संकल्प, ज्यात एका भागाची जागा दुसऱ्याने लिहिलेल्या भागाने भरली आहे. दुसरा मुद्दा उपकारस्मरणाचा: शेवटचा दगड ज्याने बसवला त्याच्या नावाने सबंध इमला ओळखला जावा आणि पाया घालणाऱ्याचा निर्देशही असू नये, हा न्याय नव्हे. तिसरा आणि स्टॉलमन यांच्या मते खरा महत्त्वाचा मुद्दा असा की, ग्नूचे नाव पुसले म्हणजे त्या नावाबरोबर आलेला हेतूही पुसला जातो. वापरणाऱ्यास असे वाटू लागते की ही प्रणाली एका हुशार विद्यार्थ्याच्या हौसेतून उगवली, आणि तिच्यातील हक्कांसाठी कोणी जाणूनबुजून झगडले होते हे त्याच्या कानावरच जात नाही. या आग्रहापोटी स्टॉलमन यांनी असा परिपाठ ठेवला की, स्वतःस 'लिनक्स यूजर्स ग्रुप' म्हणवणाऱ्या मंडळाने नाव बदलल्याखेरीज तेथे व्याख्यान द्यावयाचे नाही.

प्रतिपक्षाची कैफियत तितकीच तगडी आहे. नाव ही कोणाच्या हुकमाने ठरणारी बाब नसून ती वहिवाटीने ठरते, आणि वहिवाट 'लिनक्स'च्या बाजूने कधीच कायम झाली आहे. नाव उच्चारावयास सोपे असावे लागते, आणि तिरक्या रेघेचे नाव जिभेवर बसत नाही. शिवाय श्रेयच द्यावयाचे तर एकट्या ग्नूस का, मॅसॅच्युसेट्समध्येच जन्मलेल्या एक्स विंडो या चित्रव्यवस्थेस, बर्कली विद्यापीठाच्या सामग्रीस, केडीईसारख्या डेस्कटॉपास का नाही? सर्वांस दिले तर नाव ओळभर लांबेल. टोरव्हाल्ड्स यांनी स्वतः अशी मखलाशी केली की, कोणी ग्नूची म्हणून एखादी आवृत्ती काढली तर तिला ग्नू-लिनक्स म्हणणे योग्यच, परंतु सर्वच आवृत्त्यांना तसे म्हणणे हास्यास्पद होय.

काहींनी हा तंटा मोजमापाने मिटवण्याचा प्रयत्न केला. नव्वदीच्या दशकात सीडी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने आपल्या गाठोड्यातील मूळ संहितेची मोजदाद केली तेव्हा ग्नूचा वाटा सुमारे २८ टक्के, म्हणजे कोणाही एकाहून मोठा, आणि लिनक्स गाभ्याचा सुमारे ३ टक्के निघाला. हा आकडा ग्नूपक्ष अभिमानाने सांगत आला. २०११ साली उबुंटू या डिस्ट्रिब्युशनच्या मुख्य भांडाराची मोजणी झाली तेव्हा ग्नू सुमारे ८ टक्के आणि गाभा सुमारे ९ टक्के असे दिसून आले, आणि मग हा आकडा प्रतिपक्षाच्या हाती गेला. या दोन मोजण्यांतून निष्पन्न होते ते इतकेच की ओळींच्या संख्येवर नावाचा हक्क ठरवू पाहणाऱ्यास दर दहा-पंधरा वर्षांनी आपला पक्ष बदलावा लागेल. म्हणून मोजमापाचा पुरावा या दाव्यात ग्राह्य धरू नये.

त्याहून अधिक विचारात टाकणारी गोष्ट ग्नूपक्षाच्याच दप्तरात आहे. बर्कली विद्यापीठाच्या जुन्या परवान्यात असे एक कलम होते की, या सामग्रीच्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचा श्रेयनिर्देश केलाच पाहिजे. त्याचे अनुकरण करून जो तो आपापले नाव त्यात घालू लागला, आणि १९९७ सालच्या नेटबीएसडी या प्रणालीत स्टॉलमन यांना असे पंचाहत्तर श्रेयनिर्देश मोजता आले. सक्तीच्या श्रेयाने व्यवहार कसा गुदमरतो हे त्यांनीच सर्वांत आधी आणि सर्वांत कळकळीने दाखवून दिले, आणि १९९९ साली विद्यापीठाने ते कलम रद्द केले. मग तोच मनुष्य नावात श्रेय मागतो, ही विसंगती नव्हे काय? त्यांचे उत्तर असे की, आपण सनदेत ही अट घातलेली नाही; नावाचे मागणे ही विनंती आहे, शर्त नव्हे. उत्तर तर्काला धरून आहे, पण त्यातच दाव्याची मर्यादाही उघड होते: ज्या हक्काची बजावणी कायद्याने होऊ शकत नाही, आणि बजावणी व्हावी असे मागणाऱ्यालाही वाटत नाही, तो हक्क सौजन्याच्या प्रांतात मोडतो, आणि सौजन्य वादाने वाढत नाही.

या नामवादाला समांतर असा दुसरा वाद १९९८ साली उभा राहिला, आणि त्याने पहिल्याचे स्वरूप पालटले. नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता खुली करण्याचे ठरवल्यानंतर त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे जमलेल्या मंडळींत क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' ही संज्ञा सुचवली, आणि लगोलग एरिक रेमंड व ब्रूस पेरेन्स यांनी तिच्या प्रसारासाठी संस्था काढली. व्यापाऱ्यांना स्वातंत्र्याची भाषा बुजवते, कार्यक्षमतेची भाषा जवळ आणते, हा त्यांचा हिशेब. तो बरोबर ठरला; परंतु त्यामुळे 'लिनक्स' आणि 'ओपन सोर्स' ही नावे एका बाजूस, 'ग्नू' आणि 'फ्री सॉफ्टवेअर' ही दुसऱ्या बाजूस, अशी फळी पडली, आणि कोणी कोणते नाव उच्चारले यावरून त्याचा पक्ष ओळखण्याची चाल सुरू झाली.

जेथे नाव तंत्रदृष्ट्याही अर्थपूर्ण ठरते अशी काही स्थळे मात्र आहेत, आणि तेथे ग्नूपक्षाचे नाव अधिक काटेकोर आहे. हातातल्या फोनवर चालणारे अँड्रॉइड लिनक्स गाभ्यावर उभे आहे, पण त्यात ग्नूची सामग्री जवळजवळ नाही; 'अल्पाइन' ही छोटी प्रणाली गाभा लिनक्सचा ठेवून लायब्ररी व अवजारे दुसरीकडून घेते; उलट डेबियनने ग्नूची सामग्री हर्डच्या आणि फ्रीबीएसडीच्या गाभ्यावरही चालवून दाखवली. या तिन्ही प्रकारांना एकाच 'लिनक्स' शब्दाखाली कोंबणाऱ्यास कोणता घटक कोठला हे सांगता येत नाही. म्हणजे लांब नावाचा उपयोग आहे. तो भेद सांगण्यापुरता आहे, आणि तेवढ्यापुरता निर्विवाद आहे.

भारतात हा प्रश्न आला तो एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे उद्घाटन झाले, त्या वेळी स्टॉलमन स्वतः हजर होते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील जी. नागार्जुन यांनी पुढे या संस्थेची धुरा वाहिली. केरळने ही शिकवण शाळांपर्यंत नेली, आणि तेथील विद्यार्थ्यांसाठी तयार होणाऱ्या प्रणालीच्या नावात 'ग्नू/लिनक्स' हे पद सरकारी दप्तरातसुद्धा सांभाळले गेले. पुण्यातील हौशी मंडळींनी आपल्या मंडळाचे नाव पुणे ग्नू/लिनक्स यूजर्स ग्रुप असे राखले, आणि सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणाऱ्या त्यांच्या वार्षिक मेळ्याचे 'ग्नूनिफाय' हे नाव तर ग्नूवरच घडवलेले. बंगळुरूचा मेळा २००१ पासून 'लिनक्स बंगलोर' म्हणून भरत होता. २००५ साली त्याने ते नाव टाकून 'फॉस डॉट इन' हे धारण केले, म्हणजे पक्षही टाळला आणि क्षेत्रही विस्तारले. मुंबई आयआयटीच्या 'फॉसी' प्रकल्पाच्या पूर्ण नावात 'फ्री', 'लिब्रे' आणि 'ओपन सोर्स' ही तिन्ही पदे एकत्र नांदतात. सर्वांस सामावून घेणारे हे लांबलचक नाव वाचताना तडजोडीची भाषा आपल्या देशात किती लवकर पिकते याची खात्री पटते.

परंतु खरा पालट घडला तो शासनसंस्था प्रणाली काढू लागल्या तेव्हा. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनच्या पायावर उभारलेली प्रणाली जानेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध केली; तिचे नाव 'भारत ऑपरेटिंग सिस्टम सोल्युशन्स', संक्षेपाने 'बॉस'. सी-डॅकच्या लिखाणात तिला 'बॉस ग्नू/लिनक्स' असेही म्हटले जाते, ही त्यांची दक्षता वाखाणण्याजोगी. तथापि लोकांच्या तोंडी राहिले ते केवळ 'बॉस'. २०२३ साली संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांसाठी तयार झालेल्या ज्या 'माया' प्रणालीची वार्ता पसरली, ती उबुंटूवर आधारलेली. आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत मद्रास आयआयटीच्या छायेतील एका कंपनीने पुढे आणलेली 'भारओएस' ही फोनसाठीची प्रणाली अँड्रॉइडच्या खुल्या संहितेवर उभारलेली. या नव्या नावांत ग्नूही नाही आणि लिनक्सही नाही. आहे ते स्वदेशी नाव. स्वदेशी उद्यमाचा अभिमान रास्तच, आणि सनदेने असे नामकरण करण्याची मुभाही दिली आहे. पण ज्या दोन पक्षांनी एका तिरक्या रेघेवरून तीस वर्षे झुंज दिली, त्या दोघांचीही नावे तिसऱ्याने एका फटक्यात वगळावीत, हा या वादाचा अनपेक्षित निकाल म्हटला पाहिजे.

छत्तीसगढाने या प्रकरणात घातलेली भर तर विशेष बोधक आहे. भिलाईपासून जवळच असलेल्या राजनांदगावात जन्मलेले, मध्य प्रदेश वीज मंडळात अभियंता म्हणून काम केलेले, आणि हिंदी वाचकांना रवि रतलामी या नावाने परिचित असलेले रविशंकर श्रीवास्तव यांनी मुक्त प्रणालींच्या हिंदी रूपांतरासाठी अनेक वर्षे झिजल्यानंतर केडीई डेस्कटॉपाचे छत्तीसगढी रूपांतर सिद्ध केले. खिडक्या, सूची, सूचना, सारे काही छत्तीसगढीत दिसू लागले. या कामाला २००९ साली मंथन दक्षिण आशिया पुरस्कार मिळाला, आणि त्याचा परिचय 'छत्तीसगढी ऑपरेटिंग सिस्टम' असा करून दिला गेला. काटेकोरपणे पाहता गाभा हेलसिंकीचा, अवजारे ग्नूची, डेस्कटॉप जर्मनीत सुरू झालेल्या प्रकल्पाचा, आणि छत्तीसगढी होते ते त्यावरील शब्द. तरी ज्या शेतकऱ्याच्या मुलाने पडद्यावर प्रथमच आपल्या घरची बोली वाचली असेल, त्याला ही प्रणाली छत्तीसगढी आहे हे सांगणे खोटे कसे म्हणावे? आणि मुख्य गोष्ट अशी की, हे रूपांतर करण्यासाठी श्रीवास्तव यांना कोणाचीही परवानगी मागावी लागली नाही. बाजारपेठ लहान म्हणून कोणा कंपनीने ही भाषा नाकारली असती, तर दाद मागावयास जागा नव्हती. ग्नूच्या सनदेचे फळ याहून स्पष्ट कोठे दिसणार? नावात ग्नू नव्हते. फळात ते पुरेपूर होते.

येथेच भिलाईच्या पोलाद कारखान्याची आठवण अप्रस्तुत ठरणार नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार, तेथील आराखड्यांनी आणि अभियंत्यांच्या साह्याने हा कारखाना उभा राहिला, आणि त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याचे नाव मात्र पडले ते येथल्या एका खेड्याचे. सोव्हिएत नाव पाटीवर नाही म्हणून कोणी कृतघ्नतेचा आरोप केला नाही, कारण ते ऋण दुसरीकडे नोंदले गेले होते: करारनाम्यात, पाठ्यपुस्तकांत, आणि शहरातल्या मैत्री बागेच्या नावात. ऋणाची नोंद अन्यत्र सुरक्षित असेल तर नावावर तो भार टाकण्याचे कारण उरत नाही. ती कोठेच नसेल, तर मात्र नाव हीच एकमेव नोंदवही होऊन बसते. ग्नूपक्षाचा आग्रह इतका कडवा का झाला याचा उलगडा मला येथे होतो. त्यांच्यापाशी मैत्री बाग नव्हती.

तेव्हा निकाल असा. बोलण्यात वहिवाट प्रमाण. 'लिनक्स' म्हणणाऱ्यास टोकण्यात अर्थ नाही, आणि स्वतःच्या उद्यमाला स्वदेशी नाव देणाऱ्यासही नाही. परंतु जेथे नोंद व्हावयाची ती स्थळे वेगळी आहेत, आणि तेथे पूर्ण तपशिलाचा आग्रह सोडता कामा नये. भारत सरकारने २०१५ साली जाहीर केलेल्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर धोरणात 'फ्री' म्हणजे वापरण्याचे स्वातंत्र्य, विनामूल्य नव्हे, असा खुलासा केला आहे, आणि निविदा मागवताना अशा सॉफ्टवेअरचा विचार व्हावा, तो टाळणाऱ्याने कारण द्यावे, असेही सांगितले आहे. त्याच निविदांत आणखी तीन बाबी सक्तीच्या केल्या पाहिजेत: पुरवलेली प्रणाली मुळात कोणत्या प्रणालीवर उभारली आहे, ती कोणत्या सनदेखाली येते, आणि तिची मूळ संहिता नागरिकास कोठे मिळेल. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतही कार्यप्रणालीच्या प्रकरणात गाभ्याच्या रचनेबरोबर १९८३ ची घोषणा आणि १९८९ ची सनद यांना एक पाठ दिला पाहिजे, म्हणजे आज्ञा पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास त्या आज्ञा आपल्या हाती कोणत्या हक्काने आल्या हे कळेल. ही कलमे अमलात आली, तर प्रणालीला कोणी बॉस म्हणो, माया म्हणो, लिनक्स म्हणो, ग्नूचे काही बिघडत नाही. ती अमलात आली नाहीत, तर पाटीवर 'ग्नू/लिनक्स' असे ठळक कोरूनही नागरिकाच्या हाती हक्काऐवजी एक अवघड जोडनाव तेवढे राहील.